नांगराच्या तासांतून आलेला टीव्ही

टीव्हीचा शोध कोणी लावला असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी जॉन लोगी बेअर्डचं नाव येतं. ते अगदीच चूक नाही. १९२६ साली लंडनमध्ये त्याने टीव्हीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. पण त्याच्या यंत्रात भोकं पाडलेली चकती गरगर फिरायची आणि चित्र अंधुक दिसायचं. एकही फिरता भाग नसलेला, निव्वळ इलेक्ट्रॉनवर चालणारा टीव्ही चालवून दाखवला तो फायलो फार्न्सवर्थ या शेतकऱ्याच्या पोराने!

फायलोचा जन्म १९ ऑगस्ट १९०६ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात, बीव्हर गावाजवळ झाला. पुढे घरचे आयडाहोमधल्या रिग्बीला शेती करायला आले. चौदा वर्षांचा असताना शेत नांगरता नांगरता त्याची नजर एकाशेजारी एक पडलेल्या सरळ तासांवर गेली, अशी गोष्ट सांगतात. चित्रसुद्धा असंच ओळीमागून ओळ वाचलं तर? चकती फिरवायला वेळ लागतो, इलेक्ट्रॉन मात्र चुंबकाने क्षणात वळतात. १९२२ साली त्याने ही सगळी योजना रसायनशास्त्राचे शिक्षक जस्टिन टॉलमन यांना फळ्यावर काढून दाखवली. एक आकृती वहीच्या कागदावरही काढली. सरांनी तो कागद जपून ठेवला.

जानेवारी १९२७ मध्ये फायलोने पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रीन स्ट्रीटवरच्या छोट्या प्रयोगशाळेत एक साधी रेघ पडद्यावर उमटली. मेहुण्याने काच फिरवली, तशी पडद्यावरची रेघही फिरली. तेव्हा फायलोचं वय होतं फक्त एकवीस! त्याच्या कॅमेरा-नळीला प्रकाश मात्र फार लागे. पत्नी पेमला कॅमेऱ्यासमोर बसवलं, तर दिव्यांमुळे बिचारीचे डोळेच मिटले.

१९३० साली पेटंट मिळालं, आणि खरी लढाई इथूनच सुरू झाली. आरसीए या बलाढ्य कंपनीने एक लाख डॉलर देऊ केले, फायलोने ते नाकारले. मग कंपनीने दावा लावला की शोध आपल्या व्लादिमीर झ्वोरिकिनचा आहे, त्याचा अर्ज १९२३ सालचा आहे. आता १९२२ ची साक्ष कोण देणार? टॉलमन सर पुढे आले. फळ्यावरची आकृती त्यांनी आठवणीने काढून दाखवली, जपलेला कागदही पुढे केला. अखेर पेटंट कार्यालयाने निकाल फायलोच्या बाजूने दिला. १९३९ साली आरसीएने दहा लाख डॉलर मोजून त्याच्याकडून परवाना घेतला.

पण लगेच महायुद्ध आलं, टीव्हीचं उत्पादन थांबलं, आणि १९४७ साली पेटंटची मुदत संपली. टीव्ही घरोघरी पोचला तेव्हा फायलोच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं. नैराश्य आणि दारूने त्याला पोखरलं. उरलासुरला पैसा त्याने अणुसंमीलनाच्या प्रयोगांत घातला. ११ मार्च १९७१ रोजी तो गेला.

पैसा गेला, पण शोधावरचं नाव वाचलं ते वहीच्या एका पानामुळे आणि ते जपणाऱ्या सरांमुळे. सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याचं जर्नल छापणाऱ्या आपण सगळ्यांनी हे जरा लक्षात ठेवलेलं बरं. डोक्यात काही नवं आलं, तर तारीख टाकून लिहून ठेवा, आणि एखाद्या सरांना जरूर दाखवा!