पाण्याचा जिना

थॉमस टेलफर्डचा जन्म १७५७ साली स्कॉटलंडमध्ये एका मेंढपाळाच्या घरी झाला. तो काही महिन्यांचा असतानाच त्याचे वडील वारले. लहानपणी तो मेंढरे राखी. पुढे एका गवंड्याच्या हाताखाली दगड घडवू लागला. दिवसा छिन्नी चालवावी आणि रात्री ग्रंथ वाचावेत, असा त्याचा क्रम असे. या स्वाध्यायाच्या बळावरच तो नामांकित स्थापत्यविशारद झाला.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील खवळत्या समुद्रात जहाजांचा नाश होई. त्यांना सुरक्षित वाट मिळावी म्हणून डोंगरांमधील सरोवरे कालव्याने जोडण्याचे काम १८०३ साली टेलफर्डवर सोपविण्यात आले. पण जहाजाने चढण चढावी कशी? त्याने दगडी हौद बांधले व त्यांच्या दोन्ही तोंडांना भक्कम दरवाजे बसविले. जहाज आत शिरले की मागील दरवाजा मिटावयाचा व हौदात वरचे पाणी सोडावयाचे. पाणी चढे, तसतसे जहाजही वर येई. मग पुढील दरवाजा उघडे. बानव्ही येथे एकापुढे एक असे ८ हौद असून ते जहाजाला सुमारे १९ मीटर उंच नेतात. समुद्रदेवतेच्या नावावरून लोक त्यांना नेपच्यूनचा जिना म्हणतात.

कॅलेडोनियन कालवा १८२२ साली खुला झाला. परंतु खर्च जवळजवळ दुप्पट झाला आणि कालवा योजिल्यापेक्षा उथळ राहिला. मोठी जहाजे त्यातून जाऊ शकेनात. ही उणीव टेलफर्डच्या हयातीत दूर झाली नाही. १८३४ साली तो निवर्तला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले. पुढे कालवा खोल करून १८४७ साली तो पुन्हा खुला करण्यात आला.

आज हौशी प्रवासी नावेत बसून, पायरीमागून पायरी, त्या गवंड्याने रचलेला हा पाण्याचा जिना चढतात.