गणितानंदात रमलेले देवळालीचे शिक्षक : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

नाशिकजवळच्या देवळालीतील एका शालेय शिक्षकाचे नाव आज जगभरच्या संख्याशास्त्राच्या ग्रंथांत आढळते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. वडिलांना ज्योतिषाची आवड होती. त्यातूनच आकडेमोडीची गोडी मुलाला लागली. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पुढील शिक्षण मात्र झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीत अध्यापन केले.

६१७४ ही संख्या त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करावी. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ हीच संख्या हाती येते. खुद्द कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले, तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ अशा वाटेने सातव्या पायरीवर ६१७४ मिळते. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला.

मोठ्या संख्यांतही त्यांना अशीच लय सापडली. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ होतो. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली, की मूळ संख्या परत येते. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. ६१७४ हीदेखील हर्षद संख्याच आहे. तिच्या अंकांची बेरीज १८ असून भागाकार ३४३ येतो. डेम्लो संख्यांचे नाव त्यांनी रेल्वे स्थानकावरून, तर स्वयंभू संख्यांचे देवळाली हे नाव आपल्या कर्मभूमीवरून ठेवले.

हे गुणधर्म दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून असल्याने अनेक विद्वानांनी त्यांकडे केवळ करमणूक म्हणून पाहिले. कापरेकरांचे बरेचसे लेखन साध्या नियतकालिकांत किंवा स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने त्यांना शिकवण्या घ्याव्या लागल्या. तरीही संख्यांचा ध्यास सुटला नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या कार्याचा परिचय करून दिला आणि जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते.

१९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले. प्रयोगशाळा वा विद्यापीठीय पद नसतानाही केवळ कागद, लेखणी आणि अखंड जिज्ञासेच्या बळावर त्यांनी उभे केलेले काम आजही विद्यार्थ्यांना गणिताची गोडी लावत आहे.