स्वदेशी नौवहनाचे शिल्पकार : वालचंद हिराचंद

५ एप्रिल हा दिवस भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९१९ साली याच तारखेला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे रवाना झाले होते. या कंपनीच्या संस्थापकांपैकी प्रमुख असलेले वालचंद हिराचंद दोशी यांना महाराष्ट्र साखर कारखाने, मोटारी आणि विमाने यांमुळे ओळखतो. मात्र त्यांच्या आयुष्याचे मुख्य सूत्र मालवाहतूक हेच होते. देशातील माल कोणत्या मार्गाने बंदराकडे जातो, कोणाच्या जहाजात चढतो आणि त्याचे भाडे कोण ठरवतो, या प्रश्नांभोवती त्यांची चार दशकांची धडपड फिरत राहिली.

सोलापूर ते रेल्वेचे रूळ

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. सौराष्ट्रातून येऊन सोलापुरात स्थायिक झालेल्या दिगंबर जैन कुटुंबात ते वाढले. वडील हिराचंद नेमचंद हे व्यापारी होते आणि सावकारीही करीत. मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात वालचंद यांचे शिक्षण झाले. पदवी मात्र पूर्ण झाली नाही. घराण्याचा सावकारी व कापसाचा व्यवसाय त्यांच्या स्वभावाला मानवणारा नव्हता.

रेल्वेतील नोकरी सोडून कंत्राटदारीकडे वळलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून बांधकाम व्यवसायात पाऊल टाकले. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी जलवाहिनी, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल अशी मोठी कामे त्यांच्या कंपन्यांनी पूर्ण केली. खडी, पोलाद आणि सिमेंट दूरवर पोहोचविताना वाहतुकीचा खर्च उद्योगाचे भवितव्य कसे ठरवतो, याचा अनुभव त्यांना याच काळात आला.

‘लॉयल्टी’ आणि मक्तेदारीशी सामना

पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी एक जुने प्रवासी जहाज विकत घेऊन त्याचे रुग्णालय-जहाजात रूपांतर केले होते. युद्ध संपल्यावर ते विक्रीस निघाले. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्या सहकार्याने ते घेतले. २७ मार्च १९१९ रोजी कंपनीची स्थापना झाली आणि ग्वाल्हेरच्या राजघराण्यावरून तिचे नाव सिंदिया ठेवण्यात आले. लंडनच्या पहिल्या फेरीत वालचंद स्वतः जहाजावर होते.

या धाडसाला आर्थिक यश लाभले नाही. जहाज जुने होते आणि काही वर्षांतच ते मोडीत काढावे लागले. खरी अडचण मात्र वेगळीच होती. भारताच्या किनाऱ्यावरील आणि परदेशी मार्गांवरील वाहतूक पी अँड ओ व ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होती व लॉर्ड इंचकेप त्यांचे सूत्रधार होते. नवा स्पर्धक आला की भाडे तोट्यात जाईल इतके उतरवायचे आणि तो मोडून पडला की पुन्हा चढवायचे, ही त्यांची रीत होती. जोडीला सवलतीची एक पद्धत होती. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्यातील काही रक्कम कंपनी स्वतःजवळ ठेवून घेई आणि पुढील ठरावीक मुदतीत त्याने दुसऱ्या कोणाच्याही जहाजातून माल पाठविला नाही, तरच ती परत करी. त्यामुळे स्वदेशी जहाजाबद्दल आस्था असलेला व्यापारीही माल देताना कचरत असे.

सिंदिया कंपनीने मालवाहू जहाजे घेऊन रंगूनचा तांदूळ व सागवान आणि बंगालचा कोळसा यांच्या वाहतुकीत प्रवेश केला. भाडेयुद्ध तीव्र झाल्यावर १९२३ मध्ये तिला ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करावा लागला. या कराराने कंपनीच्या जहाजांच्या क्षमतेवर मर्यादा घातली आणि तिला भारत, ब्रह्मदेश व श्रीलंकेच्या किनाऱ्यापुरते बांधून ठेवले. कंपनी जगली, परंतु दूरच्या समुद्राचा मार्ग तिला बंद झाला. १९२८ साली साराभाई हाजी यांनी किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडले. ते संमत झाले नाही, तरी हा प्रश्न राष्ट्रीय चळवळीच्या आर्थिक कार्यक्रमाचा भाग बनला. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले.

रायपूरचा लोहमार्ग आणि पूर्वेचे नवे बंदर

याच सुमारास पूर्व किनाऱ्यावर एक महत्त्वाची घडामोड होत होती. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात मँगनीजच्या समृद्ध खाणी होत्या. तेथील खनिज मुंबई किंवा कलकत्त्याच्या बंदरापर्यंत नेण्यासाठी लांबचा प्रवास करावा लागे. बंगाल नागपूर रेल्वेने रायपूर ते विजयनगरम हा लोहमार्ग १९३१ पर्यंत पूर्ण केला आणि छत्तीसगडच्या मैदानाला समुद्राकडे जाणारी जवळची वाट मिळाली. डॉल्फिन्स नोज या टेकडीच्या आडोशाने विशाखापट्टणम येथे बंदर उभे राहिले. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी त्यात पहिले जहाज शिरले. ते सिंदिया कंपनीचे ‘जलदुर्गा’ होते. १९ डिसेंबर १९३३ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते बंदराचे औपचारिक उद्घाटन झाले.

विशाखापट्टणमचे महत्त्व तेथील खोल पाण्याइतकेच पाठीमागच्या पृष्ठप्रदेशात होते. बंदराला माल पुरविणारा प्रदेश, त्याला जोडणारी रेल्वे आणि माल उचलणारी जहाजे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच बंदराचे नगर व्यापाराचे केंद्र बनते. पहिल्या दोन गोष्टी तेथे होत्या. तिसरी उभी करण्याचे काम वालचंद यांनी हाती घेतले.

जहाजबांधणीचा कारखाना

परदेशातून घेतलेल्या जहाजांवर अवलंबून राहिल्यास स्वदेशी नौवहन कधीही स्वयंपूर्ण होणार नाही, अशी वालचंद यांची धारणा होती. कारखान्यासाठी प्रथम कलकत्त्याचा विचार झाला. परंतु तेथील बंदर प्रशासनाशी जागेच्या अटींवर एकमत होऊ शकले नाही. अखेर विशाखापट्टणमची निवड झाली. ते कलकत्ता व मद्रास यांच्या दरम्यानचे सुरक्षित बंदर होते आणि जमशेदपूरचे पोलाद रेल्वेने तेथे आणता येत होते. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कारखान्याची पायाभरणी झाली.

त्यानंतर दहा महिन्यांच्या आतच संकट कोसळले. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्बहल्ला केला आणि काम विस्कळीत झाले. युद्धकाळात भारतात जहाजे बांधण्यास ब्रिटिश सरकारकडून प्रोत्साहनही मिळाले नाही. तरीही वालचंद यांनी प्रकल्प सोडला नाही. १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण झाले. सुमारे ८ हजार टन भारवहन क्षमतेचे हे जहाज स्वतंत्र भारतात बांधलेले पहिले आधुनिक मोठे जहाज ठरले. कारखान्याचा खर्च एकट्या खाजगी कंपनीला पेलणे कठीण होते. १९५२ मध्ये हिंदुस्तान शिपयार्ड या कंपनीची स्थापना होऊन शासनाने त्यातील बहुतांश भाग घेतला आणि १९६१ मध्ये कारखाना पूर्णपणे सरकारी मालकीचा झाला.

याच वर्षांत वालचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट आणि १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपन्यांची स्थापना केली. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर आणि नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथील साखर उद्योग त्यापूर्वीच उभे राहिले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढील वर्षी ते व्यवसायातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरच्या काळात त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे धोरण स्वातंत्र्यानंतर शासनाने स्वीकारले. सिंदिया कंपनीला मात्र १९८० च्या दशकातील जागतिक नौवहन मंदीतून सावरता आले नाही. विशाखापट्टणमची भरभराट थांबली नाही. १९६० च्या दशकात बस्तरमधील बैलाडिलाचे लोहखनिज नेणारा किरंदुल लोहमार्ग या बंदराला जोडण्यात आला आणि १९७६ मध्ये मोठ्या खनिजवाहू जहाजांसाठी बाह्य बंदर सुरू झाले. रायपूरला लागून असलेले बीरगांव आणि त्याच्या परिसरातील उरला व सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आज स्पंज आयर्न, पोलाद आणि मिश्रधातूंच्या कारखान्यांसाठी ओळखली जातात. या पट्ट्याला १९३१ चा लोहमार्ग समुद्राशी जोडतो. त्याला पूरक म्हणून भारतमाला योजनेतून रायपूर ते विशाखापट्टणम हा ४६४ किलोमीटरचा सहापदरी महामार्गही हाती घेण्यात आला.

वालचंद यांनी ज्या प्रश्नासाठी आयुष्य वेचले, तो मात्र पूर्णपणे सुटलेला नाही. भारताच्या परदेशी व्यापारातील बहुतांश माल आजही परदेशी जहाजांतून जातो आणि त्याचे भाडे देशाबाहेर जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणी व नौवहनासाठी ६९ हजार ७२५ कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली, ती याच उणिवेची दखल घेऊन. विशाखापट्टणममध्ये जहाजबांधणी कारखान्याजवळचा भाग अजूनही सिंदिया या नावानेच ओळखला जातो. ग्वाल्हेरच्या एका मराठी राजघराण्याचे नाव आंध्रच्या किनाऱ्यावर रुजले, त्यामागे सोलापूरच्या या उद्योजकाचे कर्तृत्व आहे.