शाळेचे दार आणि वर्गातील जागा : राजर्षी शाहू महाराजांना अभिवादन करताना

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात आणि २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती येते. गडमुडशिंगीला कोल्हापूर जवळ. त्यामुळे आमच्या मुलांना शाहू महाराज पुस्तकाच्या आधी चौकात, रस्त्यावर, जुन्या वसतिगृहांच्या पाट्यांवर भेटतात. जयंतीला प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात, वह्यांचे वाटप होते. हे सारे व्हायलाच हवे. पण वस्त्यांमध्ये मुलांसोबत काम करताना शाळेच्या पहिल्या पंधरवड्यात आमचे लक्ष दुसरीकडे असते. कोण कोणाशेजारी बसले? जेवणाच्या सुट्टीत कोणाचा गट कोणासोबत बसतो? हजेरीपटावर नाव चढलेले काही मुलगे-मुली वर्गात मात्र कडेलाच का असतात? दार उघडणे वेगळे आणि आत जागा मिळणे वेगळे. शाहू महाराजांनाही हा फरक सुरुवातीलाच अनुभवाला आला होता. म्हणून त्यांचे चरित्र या प्रश्नाच्या बाजूने वाचायला हवे.

त्यांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक आले आणि शाहू झाले. शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझर यांच्या देखरेखीखाली झाले. म्हणजे ज्या राजाने पुढे सर्वांना एका वर्गात बसवले, तो स्वतः केवळ राजपुत्रांसाठी असलेल्या शाळेत शिकला होता.

२ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला, तेव्हा दरबारातील ७१ अधिकारपदांपैकी ६० ब्राह्मणांकडे होती. बहुजन समाजातून माणसे घ्यायची तर शिकलेली माणसे हवीत, आणि खेड्यातला मुलगा शिकायचा तर शहरात त्याच्या राहण्या-जेवणाची सोय हवी. हे ओळखून १८९६ मध्ये त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. नियमाने ते सर्वांना खुले होते. प्रत्यक्षात काही वर्षांतच ते जवळजवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांचे झाले. इतर मुलांना कोणी कागदावर मनाई केली नव्हती. पण पंगत, पाणी, स्वयंपाकघर आणि सोवळे-ओवळे यांच्यात त्यांना आपले असे काही नव्हते.

महाराजांनी यातून धडा घेतला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले. त्याच वर्षी जैन समाजाचे, पुढे लिंगायत, मुस्लिम आणि इतर समाजांची वसतिगृहे झाली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. जातवार वसतिगृहांनी जात पक्की होत नाही का, असा प्रश्न आजही कोणी विचारतो. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की ज्या मुलाला घराबाहेर कुठेच मानाने बसता येत नव्हते, त्याला आधी हक्काचे अंथरूण आणि ताट मिळाले. रात्री आधाराची जागा असेल, तरच दिवसा शाळेत टिकता येते. महाराजांसाठी ही पहिली पायरी होती, शेवटची नव्हती.

याच काळात, शेजारच्या साताऱ्यात, लहानगा भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर वर्गात वेगळा बसत होता. पाणी दुसऱ्या कोणी वरून ओतले तरच प्यायचे. शाळेने त्याला प्रवेश दिला होता, जागा दिली नव्हती. ही आठवण आमच्या घराघरात सांगितली जाते. बाबासाहेबांनी पुढे जे केले, त्याची मुळे त्या गोणपाटाशीही जोडलेली आहेत.

वेदोक्त प्रकरणात राजा असूनही महाराजांनी जातीचा अपमान सोसला. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी गरीब घराला एक रुपया ही किरकोळ रक्कम नव्हती.

तरीही एक भिंत उरलीच होती. संस्थानात अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा होत्या. एकेकाळी त्या सोयीच्या वाटल्या असतील, पण त्यांतून मुले वेगळीच राहत होती. १९१९ मध्ये महाराजांनी हुकूम काढला, की या शाळा दसऱ्यापासून बंद कराव्यात आणि मुलांना इतरांच्याच शाळांत घ्यावे. त्याआधी त्याच वर्षी निघालेल्या आदेशांतून त्यांनी सरकारी नोकरांना आणि शिक्षणसंस्थांना अस्पृश्यांशी समतेने, आपुलकीने वागण्यास बजावले होते. हा क्रम आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आधी मोठ्यांची वागणूक, मग मुलांचे एकत्र बसणे. १८९६ च्या वसतिगृहात जे राहून गेले होते, ते त्यांनी १९१९ मध्ये आधी सांगितले.

स्वतःच्या बाबतीतही त्यांनी तेच केले. गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. मग स्वतः तिथे चहा घेतला आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे आणले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७.

आज कायद्याने सगळ्या शाळा सर्वांच्या आहेत. तरी आम्ही पाहतो, की शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना एखाद्या वर्गात मुलांना जातीवरून उभे केले जाते. त्या दोन मिनिटांत साऱ्या वर्गाला कळते, कोण कोण आहे. पुढे वर्षभर बाकांची मांडणी त्यावरून ठरते. शिक्षकाचा हेतू वाईट नसतो. कामाची घाई असते. पण मुलगा ते विसरत नाही.

म्हणून यंदा जयंतीच्या निमित्ताने शिक्षक आणि पालकांना आमची विनंती आहे. पहिल्या महिन्यात बाकांवरच्या जोड्या दर आठवड्याला बदला. पोषण आहाराच्या पंगतीत शिक्षकांनीही कधी मुलांमध्ये बसावे. वाढणे, पाणी भरणे, झाडणे यांच्या पाळ्या सर्वांच्या असाव्यात. झाडू ठरावीक मुलांच्याच हाती जाऊ नये. शिष्यवृत्तीची माहिती पालकांकडून वेगळी घ्यावी. वस्तीतल्या पालकांनीही प्रवेश झाला म्हणून निश्चिंत न राहता, शाळेतून आलेल्या मुलाला आज कोणाशेजारी बसलास, हे विचारावे.

याला पैसा लागत नाही. महाराजांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या प्रत्येक शाळेला हे जमेल. राजर्षी शाहू महाराजांना विनम्र अभिवादन!