ड्रॉइंग मास्तरांचा नांगर

आमच्या मामांचे गावी लेथचे छोटे वर्कशॉप आहे. गेल्या दिवाळीत आफ्रिकेतल्या एका व्यापाऱ्याकडून कडबाकटरच्या पात्यांची चौकशी आली. त्याने ड्रॉइंग आणि पोलादाचा दर्जा मागितला. मामांचे माप त्यांच्या हातात होते, कागदावर नव्हते. ऑर्डर गेली. "तुझ्या आर्ट्सचा इथे काय उपयोग रे?" असे मामांनी थट्टेत विचारले. ते माझ्या मनाला लागले. त्याचे उत्तर मला कॉलेजच्या ग्रंथालयात, लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रात सापडले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हायचे म्हणून १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण डोळ्यांना रंगांतला फरक नीट कळेना. रंग सुटले, रेघ मात्र सुटली नाही. ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. बढती मिळाली नाही, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. बंधू रामुअण्णांबरोबर त्यांनी सायकलींचे दुकान चालवले. परदेशी यंत्रांची मासिके वाचता वाचता कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला.

लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली! त्यातच बेळगावची जागा सोडावी लागली. ज्ञान होते, पण पाय ठेवायला जागा नव्हती. ती औंधच्या राजेसाहेबांनी दिली. कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा निवडुंगाचा माळ आणि बिनव्याजी कर्ज एवढ्यावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

लक्ष्मणरावांनी मुलगा शंतनुराव यास अमेरिकेत पाठवले. १९२६ साली तो मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा इंजिनियर होऊन आला. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली आणि ज्या देशांतून आपण यंत्रे आणत होतो तशा परदेशांत इथली इंजिने जाऊ लागली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.

मला वाटते, माळ, कर्ज आणि तोफा त्यांना दुसऱ्यांनी दिल्या. पण त्या मागण्याचे धैर्य कागदावरच्या अचूक रेघेतून आले असावे. गावच्या मालाला परमुलखात ओळख देणारी भाषा तीच.

या सुट्टीत मी वर्कशॉपमध्ये बसलो. मामांनी व्हर्नियर लावून मापे सांगितली, मी ती कागदावर उतरवली. शेजारी इंग्रजीत पत्राचा मसुदाही केला. पहिले ड्रॉइंग चुकले, दुसरेही चुकले. तिसरे मामांनी बराच वेळ निरखले आणि काही न बोलता भिंतीवर चिकटवले. व्यापाऱ्याला ते पाठवले आहे. उत्तराची वाट पाहतो आहोत.