माळव्याच्या उन्हातील चित्रकार : नारायण श्रीधर बेंद्रे

महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या व उमेदीची बहुतेक वर्षे बाहेरच घालविलेल्या मराठी कलावंतांत चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांचे स्थान फार वरचे आहे. आमच्यासारख्या, मुलांना मराठी लिहिता येईल की नाही या चिंतेत असणाऱ्या परप्रांतस्थ कुटुंबांना त्यांचे चरित्र विशेष जवळचे वाटावे. ते केवळ मराठी म्हणून नव्हे. ज्या मातीत वाढले तिलाच त्यांनी आपल्या कलेचा विषय केला, म्हणून.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे झाला. होळकरांचे इंदूर म्हणजे माळव्यातील एक मराठी गावच. घराघरांतून मराठी, बाजारात माळवी व हिंदी, असा तेथील रिवाज. या संस्थानात १९२७ साली चित्रकलेची शाळा निघाली व तिची धुरा दत्तात्रय दामोदर देवळालीकर या गुरूंनी सांभाळली. परीक्षा द्यावयाची ती मुंबईस जाऊन. परंतु शिक्षणाची तऱ्हा मात्र देवळालीकरांची स्वतःची. वर्गाच्या चार भिंतींत पुतळ्यांची नक्कल करीत बसण्यापेक्षा विद्यार्थ्याने उघड्यावर जावे, प्रत्यक्ष जागेवर बसून रंगवावे, यावर त्यांचा कटाक्ष असे. रेषा घोटीत बसण्याऐवजी रंगाचा निर्भीड फटकारा मारण्याची इंदूरच्या मुलांची जी पद्धत पुढे ओळखली गेली तिचे मूळ येथे आहे.

बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, मागाहून आलेले विष्णू चिंचाळकर, हे सारे या शाळेचे. नदीकाठच्या छत्र्या, जुन्या वाड्यांच्या भिंती, काळ्या जमिनीतील पायवाटा, आठवडे बाजारातील माळवी स्त्रिया, हे त्यांचे विषय. ज्याने कधी उन्हात रंगपेटी उघडली असेल त्यासच या कामाची अडचण कळेल. सकाळी झाडाची सावली जेथे असते तेथे तासाभराने ती राहात नाही. माळव्याच्या उन्हाळ्यात जलरंग कागदाला लागतो न लागतो तोच सुकतो. त्यामुळे काय टिपावयाचे व काय सोडावयाचे, हा निर्णय तत्काळ घ्यावा लागतो. चार मित्र एकाच जागी बसले तरी चार निराळी चित्रे होतात, आणि परत येताना ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली की आपण काय पाहिलेच नाही ते मुकाट्याने उमगते. आमच्या मते बेंद्रे यांचे खरे विद्यापीठ हेच होय. तथापि रूढ शिक्षणासही त्यांनी सोडले नाही. १९३३ साली आग्रा विद्यापीठाची बी. ए. पदवी व त्यापुढील वर्षी मुंबईची चित्रकलेची पदविका त्यांनी मिळविली.

याच काळातील एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस शक्य नाही. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेला, लहानपणीच आईस मुकलेला व वडिलांबरोबर इंदुरास आलेला एक मुसलमान मुलगा गावाबाहेर चित्रे काढीत हिंडत असे. उघड्यावर रंगवीत असलेल्या बेंद्र्यांशी त्याची गाठ पडली, मैत्री जमली व दोघे मिळून निसर्गचित्रणास जाऊ लागले. मुलाने चित्रकार व्हावे काय, हा त्या साध्या नोकरदाराच्या घरातील बिकट प्रश्न होता. चित्रांवर पोट भरलेला माणूस त्या बापाने पाहिला तरी कोठे असणार! बेंद्रे स्वतः तेव्हा विशी-बाविशीचे. त्यांची स्वतःचीच उपजीविका अनिश्चित. तरीही त्यांनी मित्राच्या वडिलांस भेटून त्याच्या अंगच्या गुणांविषयी ग्वाही दिली, आणि वडिलांनी संमती दिली. हा मुलगा म्हणजे मकबूल फिदा हुसेन. पुढे मुंबईत सिनेमाचे फलक रंगवूनही त्याने कुंचला सोडला नाही, हे सर्वश्रुत आहे. स्वतःच्या भवितव्याचा भरवसा नसताना दुसऱ्याच्या मुलाची हमी घेणे यास काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

१९३४ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक व १९४१ साली सुवर्णपदक बेंद्रे यांस मिळाले. मध्यंतरी काश्मीरमध्ये प्रवासी विभागासाठी त्यांनी चित्रकार म्हणून काम केले. १९४५ साली शांतिनिकेतनात नंदलाल बोस, रामकिंकर यांचा सहवास घडला. १९४८ मध्ये अमेरिका व युरोप पाहून झाला. या साऱ्या भ्रमंतीत रंगपेटी सोबत होतीच.

१९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा सुरू झाली व चित्रकला विभागाचे प्रमुखपद त्यांजकडे आले. येथे देवळालीकरांचा शिष्य स्वतः गुरू झाला. शांती दवे, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, काश्मीरचे संतोष अशी निरनिराळ्या वळणाची मंडळी त्यांच्या हाताखालून गेली, आणि त्यांपैकी एकाचेही चित्र बेंद्र्यांच्या चित्राची प्रत वाटत नाही. शिक्षकाची याहून मोठी कमाई आम्हांस ठाऊक नाही. त्यांच्या 'काटा' या चित्रास १९५५ साली राष्ट्रीय पुरस्कार लाभला. १९५९ मध्ये ते अधिष्ठाता झाले, आणि १९६६ साली ते पद सोडून, केवळ चित्रे काढण्यासाठी मुंबईस आले.

उत्तरायुष्यात त्यांनी रंगाचे बारीक ठिपके एकापुढे एक मांडून चित्रे रंगविण्याची रीत धरली. जाणकारांनी ती वाखाणली. आम्हांस मात्र तरुणपणीची, घाईघाईत उन्हाशी झुंजून केलेली निसर्गचित्रे अधिक जिवंत वाटतात. अर्थात त्या ठिपक्यांतही खेड्यातील कष्टकरी स्त्रिया, झाडे व ऊन होतेच. १९६९ साली पद्मश्री, पुढे मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान व १९९२ साली पद्मभूषण असे मान त्यांस मिळाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.