पुरलेल्या खेळांचा धनी

स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘शिंडलर्स लिस्ट’ पाहून चित्रगृहातून बाहेर पडताना बहुतेक प्रेक्षक डोळे पुसत होते. त्यामुळे चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर उमटणारी अर्पणपत्रिका किती जणांनी वाचली असेल कोण जाणे! १९९३ साली आलेला हा चित्रपट स्टीव्ह रॉस नावाच्या गृहस्थाला अर्पण केलेला आहे. शिंडलरची भूमिका करणाऱ्या लियाम नीसनला त्या माणसाची ऐट, त्याचे मोकळेढाकळे वागणे आणि समोरच्याला बघता बघता आपलेसे करण्याची हातोटी उमगावी म्हणून स्पीलबर्गने त्याला याच रॉसच्या घरगुती चित्रफिती दाखवल्या होत्या.

रॉस हा ‘टाइम वॉर्नर’ या बलाढ्य कंपनीचा प्रमुख होता आणि चित्रपट निघण्याच्या वर्षभर आधी, २० डिसेंबर १९९२ रोजी वारला होता. त्याची गोष्ट हॉलिवुडच्या अंगाने नेहमी सांगितली जाते. परंतु १९८२ च्या नाताळात आठ-दहा वर्षांच्या असलेल्या अमेरिकन मुलांशीही त्याचा एक संबंध होता. त्या मुलांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. मात्र त्या वर्षी झगमगीत कागदात गुंडाळून त्यांच्या हाती आलेली निराशा याच गृहस्थाच्या सढळ हाताची देणगी होती.

त्याचे मूळ नाव स्टीव्हन जे रेख्निट्झ. जन्म ५ एप्रिल १९२७ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. जागतिक मंदीत वडिलांचे होते नव्हते ते गेले. ज्यू आडनावामुळे काम मिळत नाही असे वाटून त्यांनी घराण्याचे नाव बदलून रॉस केले. मुलगा महायुद्धाच्या अखेरीस नौदलात गेला, नंतर दोन वर्षांचे कॉलेज केले आणि कपड्यांच्या बाजारात नोकरीला लागला. इथवर सांगण्यासारखे विशेष काही नाही.

विशेष आले ते लग्नानंतर. १९५४ साली त्याने कॅरल रोझेन्थल हिच्याशी लग्न केले. सासऱ्यांचा व्यवसाय होता अंत्यसंस्काराचा. मॅनहॅटनमधली ‘रिव्हरसाइड मेमोरियल चॅपल’ ही ज्यू समाजातली नामांकित पेढी त्यांची. मृतदेह नेण्यापासून दफनापर्यंतची सारी व्यवस्था ही पेढी पाहत असे. जावईबापू सासऱ्यांच्या हाताखाली रुजू झाले. दुःखात बुडालेल्या माणसाशी कसे बोलावे, त्याला न मागता काय पुढे करावे, हे शिक्षण त्याला तिथे मिळाले. हे शिक्षण त्याला पुढे नटनट्यांशी वागताना फार उपयोगी पडले असे त्याचे चरित्रकार मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे. प्रसिद्ध माणसेही मनातून धास्तावलेलीच असतात!

दुसरा धडा हिशेबाचा. अंत्ययात्रेसाठी पेढीने ठेवलेल्या मोठमोठ्या लिमोझिन गाड्या संध्याकाळी नुसत्या उभ्या असत, कारण दफने दिवसाच होतात. रॉसने त्या रात्री भाड्याने द्यायला सुरुवात केली. सकाळी ज्या गाडीतून शोकाकुल नातेवाईक गेले, तिच्यातूनच रात्री कोणी नाटकाला जाऊ लागले. त्यातून भाड्याच्या मोटारींची कंपनी उभी राहिली. गाड्या ठेवायला जागा हवी म्हणून ‘किनी’ नावाच्या वाहनतळाच्या कंपनीशी सोयरीक झाली. १९६२ मध्ये या सगळ्याची मिळून सार्वजनिक कंपनी झाली. १९६९ साली याच कंपनीने सुमारे ४० कोटी डॉलर्सना वॉर्नर ब्रदर्सचा स्टुडिओ विकत घेतला. १९७१ मध्ये अंत्यसंस्काराचा व्यवसाय विकून टाकला आणि पुढच्या वर्षी कंपनीचे नाव ‘वॉर्नर कम्युनिकेशन्स’ झाले. मढी पुरण्याच्या धंद्यातून आपण कायमचे सुटलो असे रॉसला तेव्हा वाटले असल्यास नवल नाही.

कलावंतांना सांभाळण्याची त्याची एक ठरलेली रीत होती. हिशेब विचारायचा नाही, हात आखडायचा नाही. कंपनीची विमाने, कंपनीचे बंगले, वाढदिवसाला डोळे दिपवणाऱ्या भेटी. १९७५ मध्ये त्याने निवृत्त झालेल्या पेलेला ‘न्यूयॉर्क कॉसमॉस’ या आपल्या फुटबॉल संघात आणले. सप्टेंबर १९७७ मध्ये कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी २-२ अशी बरोबरी करून गेलेला कॉसमॉस तो हाच. कलकत्ता तेव्हा पेलेसाठी वेडी झाली होती, पण त्याला निवृत्तीतून बाहेर काढणारा मालक कोण याची चौकशी कोणी कशाला करील?

१९७६ मध्ये वॉर्नरने ‘अटारी’ ही कंपनी २ कोटी ८० लाख डॉलर्सना घेतली. घरच्या दूरदर्शन संचाला जोडून खेळायचे तिचे यंत्र पुढच्या वर्षी बाजारात आले. त्यात एक प्लास्टिकची डबी खुपसायची की खेळ सुरू. आपल्याकडे पुढे असल्या डब्यांना सर्रास कॅसेट म्हणू लागले, तेव्हा तोच शब्द वापरू. १९८० नंतर या यंत्राने असा काही जोर धरला की १९८२ पर्यंत वॉर्नरच्या निम्म्याहून अधिक नफा एकटी अटारी मिळवून देऊ लागली. चित्रपट, गाण्याच्या तबकड्या, केबल हे सारे तिच्या मागे पडले.

इथे एक गोष्ट मला रॉसच्या चरित्रात फार बोलकी वाटते. गायकाला प्रत्येक तबकडीमागे मानधन आणि नटाला विमान देणाऱ्या या साम्राज्यात खेळ रचणारी मुले मात्र पगारी कारकुनासारखी होती. डबीवर त्यांचे नाव नसे, विक्रीत वाटा नसे. अटारीचा प्रमुख रे कसार याच्याकडे चार जण दाद मागायला गेले आणि हात हलवत परतले. त्यांनी बाहेर पडून १९७९ मध्ये ‘ॲक्टिव्हिजन’ काढली. अटारीच्या यंत्रावर दुसऱ्या कोणाचाही खेळ चालू शकतो हे त्यामुळे जगाला कळले आणि खेळांचा सुळसुळाट झाला. अटारीने नंतर रचनाकारांना वाटा द्यायला सुरुवात केली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

१९८२ च्या वसंतात अटारीने ‘पॅक-मॅन’ची घरगुती आवृत्ती काढली. यंत्रे विकली गेली होती एक कोटीच्या आसपास. कॅसेटी काढल्या सुमारे १ कोटी २० लाख! ज्यांच्याकडे यंत्र नाही तेही कॅसेटसाठी यंत्र घेतील असा हा हिशेब. सत्तर लाख खपल्या, हा विक्रमच होता. पण पडद्यावरची भुते लुकलुकत, रंग ओळखू येत नसत, आणि पोरांना दुकानातल्या मोठ्या यंत्रावरचा अस्सल खेळ पाठ होता. नाराजीची ही पहिली चाहूल. ती वरपर्यंत पोहोचली नाही, कारण वर विक्रीचे आकडे पोहोचत होते.

त्याच जूनमध्ये स्पीलबर्गचा ‘इ.टी.’ आला आणि सारी अमेरिका त्या लांब मानेच्या परग्रहवासी पोरावर लुब्ध झाली. स्पीलबर्ग तेव्हा युनिव्हर्सल स्टुडिओच्या गोतावळ्यातला. त्याला वॉर्नरकडे ओढायचे रॉसच्या मनात होते. मग रॉसने आपल्या रीतीला अनुसरून काम केले. ‘इ.टी.’वर खेळ काढण्याच्या हक्कांपोटी त्याने दोन कोटी डॉलर्सहून अधिक रक्कम कबूल केली. कसारला ही कल्पना मूर्खपणाची वाटली होती. पण हा सौदा मुळात खेळाचा नव्हताच. तो एका दिग्दर्शकाला दिलेला नजराणा होता. जो खेळणार त्या मुलाचा विचार या व्यवहारात कुठे आला नाही.

हक्कांची बोलणी जुलैअखेर संपली. नाताळात माल दुकानात हवा तर खेळ १ सप्टेंबरपर्यंत पुरा व्हायला हवा. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या कर्तबगार तरुणाला त्यासाठी पाच आठवडे मिळाले. एरवी अशा कामाला सहज सहा-सात महिने लागत. बदल्यात त्याला दोन लाख डॉलर्स आणि हवाई बेटांची सहल देऊ केली होती. त्याने घरी यंत्रसामग्री मांडून रात्रंदिवस काम केले आणि वेळेत खेळ दिला. स्पीलबर्गला पॅक-मॅनसारखे काही तरी हवे होते, पण वॉरशॉने वेगळी वाट धरली. टेलिफोनचे तीन तुकडे खड्ड्यांतून शोधायचे आणि घरी निरोप पाठवायचा. कागदावर बरी कल्पना. प्रत्यक्षात इ.टी.च्या डोक्याचा नुसता कोपरा खड्ड्याच्या चित्राला लागला तरी तो आत कोसळे. मान ताणून तरंगत वर यायचे, एक पाऊल टाकायचे, की पुन्हा खड्डा!

चाळीसएक डॉलर्सची ही कॅसेट. त्या वेळी अमेरिकेत ताशी किमान मजुरी ३ डॉलर ३५ सेंट्स होती. म्हणजे मजूर बापाची बारा तासांची कमाई. चित्रपटात ज्याच्यासाठी रडलो तो मित्र घरी आला आणि खड्ड्यात पडत राहिला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! ज्या मुलांनी सोबतची पुस्तिका नीट वाचली त्यांना खेळ जमला, आवडलाही; पण नाताळच्या सकाळी पुस्तिका वाचत बसणारी मुले थोडीच.

मग या कॅसेटींचे काय झाले? कोणी दुकानात परत केल्या. दुकानदारांनी अटारीकडे परत धाडल्या. लहानसहान कंपन्यांचा माल तर परत घ्यायला कंपनीच उरली नव्हती, म्हणून दुकानदाराने तो टोपलीत ओतला आणि मिळेल त्या भावाने काढला. इ.टी.चा भाव अखेर डॉलरच्याही खाली गेला. सुमारे चाळीस लाखांपैकी पंधरा लाखांच्या आसपास खपल्या. खिशात सुटी नाणी असलेल्या पोरांची मात्र चैन झाली. ज्यांना पूर्वी वर्षाला एक खेळ मिळे त्यांनी टोपलीतून ओंजळभर उचलले. बाकीच्या कॅसेटी माळ्यावर, तळघरात, बुटांच्या खोक्यांत गेल्या.

डिसेंबर १९८२ च्या पहिल्या पंधरवड्यात अटारीने आपल्या विक्रीचा अंदाज एकाएकी खाली आणला आणि वॉर्नरचा शेअर एका दिवसात जवळजवळ एक तृतीयांशाने कोसळला. पुढच्या वर्षी अटारीचा तोटा ५० कोटी डॉलर्सवर गेला. सप्टेंबर १९८३ मध्ये टेक्ससमधल्या एल पासो इथल्या कारखान्यातून मालमोटारी निघाल्या आणि शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात, अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोवर आल्या. कॅसेटी खड्ड्यात ओतून चिरडल्या. गावातली पोरे रात्री येऊन हाताला लागेल ते उचलू लागली, तेव्हा वरून काँक्रीट ओतले. अंत्यसंस्काराचा धंदा विकून रॉसला बारा वर्षे झाली होती.

रॉस या पडझडीतून सहीसलामत सुटला. कंपनी डळमळीत झालेली पाहून रुपर्ट मर्डोकने तिच्यावर झडप घातली. रॉसने दुसरा मोठा भागीदार आणून ती परतवली. जुलै १९८४ मध्ये अटारीचा घरगुती विभाग जॅक ट्रामिएलला जवळजवळ सारा वचनचिठ्ठ्यांवर देऊन टाकला. अटारीतल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या मात्र तोवर गेल्या होत्या. १९९० मध्ये टाइम आणि वॉर्नर यांचे विलीनीकरण पुरे झाले आणि त्या वर्षी रॉसच्या पदरात सात कोटी ऐंशी लाख डॉलर्सच्या आसपास पडले. पुढच्याच वर्षी टाइमच्या नियतकालिकांतून सहाशेच्या आसपास माणसे कमी झाली, तेव्हा या आकड्याची बरीच चर्चा झाली. स्पीलबर्गवर टाकलेला डावही वाया गेला नाही. ‘द कलर पर्पल’ आणि ‘एम्पायर ऑफ द सन’ हे त्याचे चित्रपट वॉर्नरने प्रदर्शित केले. ही मैत्री केवळ व्यवहाराची नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. मेलेल्या माणसाला कोणी व्यवहारापोटी चित्रपट अर्पण करीत नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगाने रॉस गेला तेव्हा तो ६५ वर्षांचा होता.

माळ्यावरच्या कॅसेटी तिथेच राहिल्या. त्या सांभाळणारी मुले मोठी झाली, त्यांतली काही संगणकाच्या व्यवसायात गेली. २०१३ मध्ये एका हौशी माणसाने ‘इ.टी.’च्या कार्यक्रमातले मोजकेच आकडे बदलून खड्ड्यात पडण्याची ती खोड दुरुस्त केली आणि आपली दुरुस्ती सर्वांना फुकट देऊन टाकली. तीस वर्षांपूर्वी कोणाला आणखी दोन आठवडे मिळते तर हे तेव्हाच झाले असते.

२६ एप्रिल २०१४ रोजी अलामोगोर्डोचा डेपो उकरण्यात आला. वाऱ्याने धूळ उडत होती, तरी शेकडो माणसे जमली होती. त्यांत वॉरशॉही होता. तो आता मानसोपचारतज्ज्ञ झाला होता. कंपनीच्या एका माजी अधिकाऱ्याने तिथे सांगितले की एकूण ७ लाख २८ हजार कॅसेटी पुरल्या होत्या. त्यांत तिसाहून अधिक निरनिराळे खेळ निघाले, इ.टी. त्यांतला एक. सुमारे तेराशे कॅसेटी वर काढल्या. काही वस्तुसंग्रहालयांत गेल्या, ८८१ लिलावात विकल्या गेल्या आणि त्यांचे एक लाख सात हजारांवर डॉलर्स आले. इ.टी.च्या एका प्रतीला १,५३५ डॉलर्स मिळाले. मातीचा वास आणि चिरडल्याच्या खुणा तशाच ठेवून, गावच्या मालमत्तेचा दाखला जोडून ती विकली होती. त्यानंतर खड्डा बुजवला. बाकीच्या कॅसेटी अजून त्याच जागी आहेत.